अकरा सेकंदांचं करडू

महाडच्या बाजारपेठेत पप्पांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाची शूटिंग, शाळेच्या फॉर्मला लावायचे पासपोर्ट साइझ फोटो, बारशाचे फोटो हे सगळेच स्टुडिओवाले करायचे. पप्पांकडे लोक यायचे ते आणखी एका कामासाठी. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधून कोणी तरी फोटो घेऊन उतरायचं. घरात लग्न झालेलं असायचं, सगळ्यांचा एकत्र फोटो असायचा, आणि त्यात मुंबईला असलेला एक जण नसायचा.

"ह्यो आमचा थोरला. त्याला रजा नाय गावली. ह्याला हितं उभा करा, बापाच्या बाजूला."

पप्पा त्या थोरल्याचा सुटा फोटो कापायचे, दुसऱ्या फोटोवर चिकटवायचे, कडा ब्रशने रंगवायचे, पायाखाली सावली काढायचे आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो घ्यायचे. डार्करूममधून प्रिंट बाहेर आली की थोरला बापाच्या बाजूला उभा असायचा. सावली फार महत्त्वाची, पप्पा म्हणायचे. सावली नसली तर माणूस तरंगतो.

हे काम ते ज्या टेबलाशी करत त्याला उतरती काच होती आणि काचेखाली ट्यूबलाइट. टेबलाशी एकच खुर्ची होती. मला तिथे बसायचं होतं. सातवीत असताना मी एकदा विचारलं होतं, मला शिकवाल का. आमच्या घरात मी काही मागणं ही दुर्मीळ गोष्ट होती, त्यामुळे ते वाक्य मी दोन दिवस मनात तयार केलं होतं. पप्पा मान वर न करता म्हणाले, "तू अभ्यास कर. एवढी इंग्लिश मीडियममध्ये घातलीय, ती काय फोटोतल्या सुरकुत्या पुसायला?"

मी पुन्हा विचारलं नाही.

आठवीत गेले त्या जूनमध्ये माझी आतेबहीण आमच्याकडे राहायला आली. तिच्या वाडीतली शाळा सातवीपर्यंतच होती. तिचे वडील मुंबईला, आत्या घरी शेरडं आणि थोडी नाचणी सांभाळून. पप्पांनीच आत्याला सांगितलं, पोरीला माझ्याकडे पाठव. ती माझ्याहून चार महिन्यांनी लहान होती. तिला मराठी हायस्कूलमध्ये घातलं. ती एक पिशवी, एक घोंगडी आणि आत्याने दिलेली सुकटीची पुडी घेऊन आली, आणि पहिल्याच संध्याकाळी पप्पा तिला म्हणाले, "काय गो, करमतंय काय हितं?"

मी जेवणाच्या पानावरून मान वर केली. पप्पांना असं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. म्हणजे ते त्याच वाडीतले, हे माहीत होतं. पण माझ्याशी ते नीट, पुस्तकातल्यासारखं बोलायचे. मी लहानपणी एकदा "नाय" म्हटलं होतं तर त्यांनी मला तीनदा "नाही" म्हणायला लावलं होतं. आणि आता ते आणि ती जेवताना शेरडांविषयी बोलत होते, कुठली व्याली, कुठल्या करडाचे कान लांब, आणि पप्पा हसत होते. आईसुद्धा हसत होती. मी आमटीतल्या मिरच्या बाजूला काढत बसले.

त्या वर्षी आमच्या गल्लीतली व्हिडिओ लायब्ररी बंद झाली. घरोघरी केबल आली होती. लायब्ररीवाल्या काकांनी पप्पांना खोकाभर कॅसेट दिल्या, नावं नसलेल्या, कोणी परत न मागितलेल्या. पप्पांना त्या लग्नं टेप करायला हव्या होत्या. आषाढ लागला होता, लग्नं संपली होती, दुकान रिकामं होतं. पुसण्याआधी एकदा बघू म्हणून त्यांनी दुकानातल्या टीव्हीवर एक लावली.

आवाज येईना. पप्पांनी व्हीसीआरचं हेड स्पिरिटने पुसलं. तरी येईना. केबल काढून घातली, टीव्हीला थापट मारली.

"पप्पा, याला आवाज नाहीये," मी म्हटलं. "मधे मधे लिहिलेलं येतंय. मूकपट आहे."

"मग वाच ना."

तेव्हापासून माझं काम ठरलं. मी स्टुलावर बसून काळ्या पाटीवरची पांढरी इंग्रजी अक्षरं मराठीत सांगायची.

विनोदी, जुने, परदेशी चित्रपट होते, प्रत्येक दहा-बारा मिनिटांचा. नावांच्या जागी नुसते ओरखडे होते. एकात एक जाडा माणूस बाकावर बसून पाव खात होता. माणूस खरा, पाव खरा, बाक खरा. आणि बाकाखालून एक बदक बाहेर आलं ते चितारलेलं. काळ्या रेघेचं, आत पांढरं. त्याने जाड्याची हॅट पळवली, त्या हॅटमध्ये अंडं घातलं आणि ती परत त्याच्या डोक्यावर ठेवली. दुसऱ्यात उलटं होतं. एक खरी मुलगी, आमच्याएवढी, चितारलेल्या बाजारातून चालत होती. दुकानं, भाज्या, भाजीवाले सगळं रेघांचं, आणि मधून ही हाडामांसाची, जाकीट घातलेली. चितारलेल्या दुधवाल्याने तिला चितारलेलं दूध दिलं आणि ती ते खरोखर प्यायली, ओठ पुसून.

मी सांगत होते, "तो म्हणतोय, महाशय, ही हॅट आपली का," आणि माझं वाक्य संपायच्या आत शेजारी बसलेली आतेबहीण हसलेली असायची. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तिला पाटी लागतच नव्हती.

पप्पांचं तर भान हरपलं होतं. ते सारखे पॉज दाबायचे आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बोट ठेवायचे. "हे बघ. इथे जोडलंय. बदकाला सावली दिलीय, बघितलंस? सावली दिलीय!" आयुष्यभर ते जे एका फोटोत करत आले होते ते कोणी तरी फार पूर्वी हलत्या चित्रात करून ठेवलं होतं, आणि कशासाठी, तर बदकाने हॅटमध्ये अंडं घालावं म्हणून. कॅसेट पुसायची राहिली ती राहिलीच.

दोन दिवसांनी तिच्या भूगोलाच्या वहीच्या कोपऱ्यात एक करडू उड्या मारायला लागलं. पानागणिक एक, अंगठ्याने पानं भराभर सोडली की करडू धावायचं, थांबायचं, मागच्या पायांवर उभं राहून नकाशाची कड खायचं. पप्पांनी ती वही दहा वेळा फिरवली. मग खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बस हितं."

त्या खुर्चीवर. मी दारात छत्री मिटत उभी होते. शाळेतून नुकती आले होते.

पप्पांच्या डोक्यात आलं ते असं. त्यांच्याकडे तारीख उलटून गेलेले चार ब्लॅक अँड व्हाइट रोल पडून होते. पांढऱ्या चादरीसमोर एक मुलगी बसवायची. ती अभ्यास करतेय. तिने जरासं हलायचं, थांबायचं, फोटो. पुन्हा जरासं हलायचं, थांबायचं, फोटो. त्या सगळ्या प्रिंट पोस्टकार्ड साइझमध्ये काढायच्या, प्रत्येकीवर पोस्टर कलरने करडू काढायचं, मग गठ्ठा लाकडी शिकंज्यात आवळून भूगोलाच्या वहीसारखा अंगठ्याने सोडायचा आणि समोर लग्नाचा व्हिडिओ कॅमेरा लावून ते टेप करायचं.

"मांजर घेऊ या का?" मी म्हटलं. कॅसेटमधल्या लोकांना मांजरं आवडायची असं मला वाटलं होतं.

"करडूच बरं," ती म्हणाली. "मांजर काय खात नाय वहीबिही."

मुलगी मी होणार हे कोणी ठरवलं नाही, ते आपोआपच होतं. मी मालकाची मुलगी, आणि चितारायचं काम तिचं. मी माझा शाळेचा युनिफॉर्म घातला, कारण पांढऱ्या चादरीवर गडद निळा पिनाफोर उठून दिसणार होता. टाय पप्पांनी बांधला. मला वाटतं, त्या पावसाळ्यातला माझा तो एकमेव सुखाचा दिवस.

"करडू डावीकडून येतंय," पप्पा म्हणाले. "बघ त्याच्याकडे. आलं. थांब." खटक. "आता ते वहीचं पान ओढतंय. दचक. थांब." खटक.

छत्तीस फोटो झाले. दुसऱ्या दिवशी प्रिंट सुकल्या तेव्हा पप्पा त्या एकेक करून टेबलावर मांडत गेले आणि त्यांचा चेहरा मला कळत गेला.

"तू कुठे बघतेयस?"

"करडाकडे."

"यात भिंतीकडे बघतेयस. यात माझ्याकडे. यात तर कुठेच नाही." ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. मेलेल्या माणसांच्या फोटोंतल्या मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवून देणारा माणूस होता तो, डोळ्यांतलं त्यांना कळायचं. "तुला तिथे काही दिसत नाहीये गं," ते म्हणाले.

ते बरोबर होतं. मला तिथे चादर दिसत होती. आणि चादरीपलीकडे खुर्चीवर बसून माझ्याकडे बघणारी ती.

"तू बस बघू," पप्पा तिला म्हणाले.

"मी? माज्याकडं असला ड्रेस नाय."

"हिचा घाल."

मी आत जाऊन पिनाफोर काढला आणि बाहेर आणून दिला. तो तिला खांद्यांत थोडा घट्ट झाला. टाय पुन्हा पप्पांनीच बांधला, तिच्यासमोर गुडघ्यावर बसून, आणि म्हणाले, "आता तू मडम झालीस गो." ती लाजली. माझी शाळा, माझा टाय, माझे वडील. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिले, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

आणि मग मी ते बघितलं, म्हणून आज सांगू शकते. ती चादरीसमोर बसली. पप्पा म्हणाले, करडू आलं. तिने लगेच बघितलं नाही. आधी तिचा डावा हात जरा वर झाला, पाठीवर थोपटायला जातो तसा, आणि हवेत एका ठरावीक उंचीवर थांबला. करडाच्या उंचीवर. मग तिने मान वळवली आणि खाली बघितलं, आणि तिची नजर जिथे टेकली तिथे काही तरी होतं. मी शपथेवर सांगेन, मीही तिथे बघितलं. पप्पांनीही कॅमेऱ्यावरून डोळा काढून बघितलं. तिने त्या नसलेल्या करडाचा कान धरून त्याला वहीवरून ओढलं तेव्हा तिच्या मनगटाला हिसका बसला.

तीन रोल, एकशे आठ फोटो, एकही वाया गेला नाही.

त्यानंतर तीन आठवडे ती शाळा सुटली की दुकानात यायची आणि टेबलाशी बसायची. पप्पा बाजूला उभे. करडाच्या पोटाला सावली कशी द्यायची, ब्रशचं टोक ओठांनी कसं करायचं, हे ते तिला सांगत होते. मी घरी गणित करायचे. मला चांगले मार्क पडत होते. आई शेजारच्या काकूंना माझे मार्क सांगायची आणि काकू म्हणायच्या, "आणि ती भाची? चित्रं काढते म्हणे. अंगात कला असावी लागते हो."

करडू पूर्ण झालं तो दिवस श्रावणातला. मी डबा द्यायला दुकानात गेले होते. पडद्याच्या आत दोघांचं बोलणं चाललं होतं.

"दिवाळीनंतर तुला फोटोवर ब्रश धरायला शिकवतो," पप्पा म्हणत होते. "ही करडं नव्हं. माणसं. माझे डोळे आता दुखतात गो. तुझा हात बरा हाय."

मी डबा काउंटरवर ठेवला आणि आत न जाता परत फिरले. सबंध रस्ता मी मला ऐकायला आलेलं वाक्य इंग्रजीत करून बघत होते. इंग्रजीत ते कमी लागत होतं.

दुसऱ्याच दिवशी नदीचं पाणी चढलं. महाडच्या बाजारपेठेत हे नवीन नाही. डोंगरात रात्रभर कोसळलं आणि खाडीला भरती असली की सावित्री गावात येते. भोंगा वाजला, शाळा सुटल्या, आणि आम्ही दोघी आपापल्या शाळांमधून थेट दुकानात पोचलो. प्रत्येक दुकानदाराचा सामान चढवायचा क्रम ठरलेला असतो, आमचाही होता. आधी कॅमेरे, मग एन्लार्जर, मग गिऱ्हाइकांच्या प्रिंट, मग पेपर आणि अल्बम, शेवटी खुर्च्या. पप्पा पोटमाळ्यावर, ती शिडीवर मधे, मी खाली. मी फळीवरचं उचलून तिला देणार, ती पप्पांना.

लाइट गेली होती. पाणी उंबऱ्याच्या आत आलं तेव्हा ते घोट्याला थंड लागलं. मी डावीकडची फळी रिकामी करत होते. सगळ्यात खालच्या फळीवर फोटोच्या ब्रोमाइड पेपरचा जुना खोका होता, त्यात त्या एकशे आठ प्रिंट. मी खोक्याच्या उजवीकडचे अल्बम उचलले. खोक्याच्या डावीकडच्या बाटल्या उचलल्या. खोक्यावर ठेवलेली रद्दीसुद्धा उचलून दिली.

शिडीवरून तिने विचारलं, "झालं काय सगळं?"

"झालं," मी म्हटलं.

वरच्या मजल्यावरच्या काकांच्या घरी आम्ही चार तास बसलो. त्यांनी चहा दिला. ती खिडकीतून वाहत जाणाऱ्या वस्तू बघत होती आणि मला दाखवत होती, "ती बघ, कुनाची तरी चप्पल. ती बघ, टोपली." मी बघत होते. मला जे वाटत होतं ती पश्चात्तापाची भावना नव्हती. ती परीक्षेचा पेपर देऊन झाल्यावरची होती. आता काही बदलता येणार नाही, अशी.

संध्याकाळी पाणी उतरलं. दुकानात गुडघ्याएवढ्या उंचीवर भिंतीला नवी रेघ उमटली होती आणि खाली चार बोटं गाळ. पप्पांना तो खोका फळीखाली सापडला. पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. त्यांनी मोठे ट्रे उतरवले, वरच्या मजल्यावरून स्वच्छ पाणी आणलं आणि प्रिंट एकेक करून त्यात सोडल्या. डार्करूममधून आलेल्या ताज्या प्रिंट धुवाव्यात तशा.

तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं फोटोच्या दुकानात येऊनही काहीच शिकले नव्हते. फोटोचा कागद पाण्याला घाबरत नाही. तो पाण्यातच जन्मतो. गाळ निघून गेला आणि ट्रेच्या तळातून ती वर आली, एकशे आठ वेळा, माझ्या युनिफॉर्ममध्ये, तिला काही म्हणता काही झालं नव्हतं. गेलं होतं ते करडू. पोस्टर कलर पाण्यात विरघळून गेला होता. प्रत्येक फोटोत ती एका मोकळ्या जागेकडे बघत होती, आणि ती जागा मोकळी वाटत नव्हती.

मला जे पुसायचं होतं ते राहिलं होतं.

"हा खोका खाली कसा राहिला?" पप्पांनी विचारलं. आमच्या दोघींकडे न बघता.

"काळोख होता, मामा," ती म्हणाली.

पप्पा बादल्या घेऊन वर गेल्यावर तिने खराट्याने गाळ ढकलायला सुरुवात केली. माझ्या पायापर्यंत आली आणि थांबली.

"मी इचारलं होतं तुला. झालं काय म्हनून."

मी ट्रेमधली एक प्रिंट सरळ करत राहिले.

"त्याच्यावरची रद्दी तेवढी दिलीस. रद्दी!" तिचा आवाज चढला नव्हता. "मी वरून बघत होते गो. मला वाटलं, आता देईल, आता देईल."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस काय कदी?"

तिने आणखी दोन फराटे मारले.

"मामाला सांगत नाय मी. पन आता करडं तू काढायची. सगळी."

"मला येत नाही."

"मला तरी कुटं येत होती आईच्या पोटातनं? काढायची. न्हायतर मी हाका मारते मामाला. मारू?"

अशा रीतीने मी त्या खुर्चीवर बसले. जे मला सातवीपासून हवं होतं ते मला शिक्षा म्हणून मिळालं, आणि तेही तिच्याकडून. प्रिंट वाळल्या त्या दिवशी तिने पप्पांना सांगितलं, "ह्या वेळी ताई काढतेय, मी हाय बाजूला." ताई ती मला फक्त पप्पांसमोर म्हणायची. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग काचेखालची ट्यूब लावून दिली. त्यांना किती कळलं होतं हे मला आजही माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी, अर्थातच, सांगितलं नाही.

ती माझ्या उजव्या खांद्याशी उभी राहायची. "मागचे पाय आदी काढ. उडी तितनं येते." मी मागचे पाय काढायचे. "ह्ये पाय हाय काय खुर्चीचा?" ओल्या कापसाने ती माझं करडू पुसून टाकायची. कागद पुन्हा कोरा. चूक पुसता यायची हे त्या कामाचं एक चांगलं होतं. "परत." मी परत काढायचे. काही दिवसांनी ती हसायला लागली, माझ्या करडांना, आणि एकदा मीही. पण आमची मैत्री झाली असं कोणी समजू नये. मी रोज तिच्या बोटांकडे बघत होते आणि रोज मला ती बोटं हवी होती. शिकवणाऱ्याविषयी कृतज्ञता वाटावी असं शाळेत सांगतात. मला वाटायचं, हिच्याहून चांगलं करडू मी एकदा, एकदाच काढेन, आणि मग ब्रश धुऊन ठेवेन.

ते झालं नाही. गणपतीच्या चार दिवस आधी एकशे आठावं करडू वाळलं. पप्पांनी गठ्ठा शिकंज्यात आवळला, कॅमेरा लावला आणि अंगठ्याने पानं सोडली. अकरा सेकंद. पाच-सहा वेळा केलं, सगळ्यात बरं ते ठेवलं.

गणपतीला आम्ही सगळे आत्याकडे वाडीत गेलो. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे जीप, मग पायी. वाडीत एकाच घरात टीव्ही होता. मुंबईहून आलेल्या एका दादांनी व्हीसीआर भाड्याने आणला होता, रात्री सिनेमे लावायला. पप्पांनी दुपारीच सांगितलं, आधी आमचं एक बघा, फार नाही, चहा निवायच्या आत संपेल. दारं-खिडक्या लावून घेतल्या, खिडकीला घोंगडी टांगली. तीस-चाळीस माणसं असतील. आत्या पुढे, कोणाची तरी पोर मांडीवर घेऊन. आरतीचा धूर अजून घरात होता.

पडद्यावर ती आली, टाय लावून.

"अगो बया, ही आपली पोर? मडम झाली की!"

मग करडू आलं. माझं. ते डावीकडून आलं, आणि आलं ते खुरडत. एकेका चित्रात मला दिसलं नव्हतं, पण मी प्रत्येक वेळी पुढचा उजवा पाय जरासा आखूड काढला होता, आणि एकामागून एक चित्रं धावली तेव्हा ते करडू स्वच्छ लंगडत होतं. लंगडत वहीपर्यंत पोचलं, पान ओढलं, पडलं, उठलं, टायचं टोक तोंडात धरलं.

घर हसून फुटलं. मी अंधारात भिंतीला टेकले.

"पुन्ना लावा, पुन्ना लावा!"

पप्पांनी बारा-तेरा वेळा लावलं. प्रत्येक वेळी करडू आलं की लोक आधीच हसायला लागायचे.

"कुनी काढलंय गो ह्ये?" आत्याने डोळ्यांना पदर लावत लेकीला विचारलं. "लंगडं हाय की बिचारं. तुज्या हातचं नाय ह्ये."

"तिनं काढलंय," ती म्हणाली आणि अंधारात बरोबर माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळे वळले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण पप्पा हसत होते. बाकावरच्या जाड्याच्या हॅटमध्ये अंडं पडलं तेव्हा जसे हसले होते तसे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माझ्या पोरीनं काढलंय," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, "काय गो, पाय कुठं ठेवलास त्याचा?"

मला रडू आलं, आणि मी ते हसण्यात लपवलं.

एवढ्यावर हे थांबवता आलं असतं. पण नंतर चहा पिताना बायका तिच्या भोवती जमल्या. तिने मान कशी वळवली, हात कसा ठेवला, "खरंच धरल्यावानी धरलंस गो कान," असं बोलत राहिल्या. करडाला लोक हसले होते, तिला त्यांनी बघितलं होतं. हा फरक मला तेव्हाही कळत होता. येताना जीपमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी खांदा हलवला नाही, एवढंच.

पुढे मी बारावी करून पुण्याला गेले, पदवी घेतली, नोकरीला लागले. पप्पांना हवं होतं तसं. पप्पांचे डोळे खरंच गेले, म्हणजे बारीक काम करण्यापुरते. दुकानात कॉम्प्युटर आला, आणि दुकान ती बघते. मुंबईला राहिलेल्या माणसांना ती माऊसने बापाच्या बाजूला उभं करते. सावली द्यायला विसरत नाही. लोक तिच्याकडे पाचाडहून, बिरवाडीहून येतात. काचेचं टेबल कोपऱ्यात आहे, त्यावर ती जेवणाचा डबा ठेवते. पप्पा दुपारी तिच्या शेजारी येऊन बसतात आणि दोघं त्यांच्या भाषेत बोलतात.

मागच्या खेपेला मला पासपोर्टसाठी फोटो हवा होता. मी पुण्यात काढला होता, तो मला आवडला नव्हता. तिने मला पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्यामागे गेली, आणि बटणावरचं बोट काढून घेतलं.

"कुठं बघतेस?" ती म्हणाली.

"कॅमेऱ्यात."

"नाय बघत." तिने कॅमेऱ्याच्या बाजूला हात धरला. हवेत, त्या उंचीवर. ती उंची मी ओळखली. "हितं बघ. करडू हाय हितं."

मी बघितलं.

फोटो फार चांगला आला. माझे आजवरचे सगळे फोटो एकीकडे आणि तो एकीकडे. पासपोर्ट उघडला की अजूनही मला तेवढं एक आवडत नाही, की तो तिने काढलाय.